मोजून वाढायला शिकलेले मामा

जेवणाच्या बाबतीत आमच्या मामांना हरवेल असा माणूस ग्वाल्हेरच्या लष्कर भागात आजवर जन्मला नाही, आणि पुढे जन्मेल अशी लक्षणंही मला दिसत नाहीत. मी नुसत्या खाण्याबद्दल बोलत नाही. खाणारे ग्वाल्हेरीत गल्लोगल्ली सापडतात, सकाळी उजाडल्यापासून कचोरीच्या कढईभोवती उभे असतात. मामांचं खरं कर्तृत्व वाढण्यात. आमच्या दाना ओली मोहल्ल्यात कुणाकडे मुंज असो, बारसं असो की गणपतीचं जेवण, मामा कमरेला पंचा गुंडाळून पंगतीत उतरले की यजमान निश्चिंत व्हायचे आणि पाहुणे हवालदिल. पानावर आडवा हात धरणाऱ्याच्या बोटांमधून श्रीखंड वाढण्याची कला त्यांना साधली होती. "एक अजून, माझ्या गळ्याची शपथ," असं ते इतक्या कळवळून म्हणत की नाही म्हटलं तर हा माणूस इथेच प्राण सोडेल असं समोरच्याला वाटे. एका लग्नात व्याह्यांनी आधी हात जोडले, मग पानावरून उठून सरळ पळ काढला, तेव्हा मामांनी त्यांना जिन्यात गाठून जिलबी भरवली. व्याही त्यानंतर आमच्याकडे बेतानेच येतात, पण जिलबी चांगली होती हे कबूल करतात.

अशा माणसाने साठी उलटल्यावर, सरकारी नोकरीतून निवृत्त होऊन, पोषणशास्त्राची पदवी घ्यायचं ठरवलं तेव्हा आमच्या सगळ्या नातलगांत हसण्याची लाट आली. मीही पोटभर हसलो. कारण कळल्यावर मात्र हसू जरा आवरलं. मामींना साखर निघाली होती. दवाखान्यातून एक छापील आहारपत्रक मिळालं, त्यात ओट्स, ब्रोकोली, ऑलिव्ह तेल अशी सगळी परदेशी मंडळी. मामींनी ते शांतपणे वाचलं आणि म्हणाल्या, "जे खायचं नाही ते सगळं माझ्या घरात आहे, आणि जे खायचं त्याची मला चव माहीत नाही. मग राहूच द्या." आणि त्यांनी खरोखर राहू दिलं. अर्ध्या फुलक्यावर उठू लागल्या. हातातल्या बांगड्या मनगटावरून कोपराकडे सरकायला लागल्या. साऱ्या शहराला शपथा घालून जेवू घालणारा माणूस स्वतःच्या बायकोसमोर हात बांधून बसला होता. आग्रह करावा तर साखर चढते, न करावा तर बाई वाळते. मामा तडक दवाखान्यात गेले आणि हे पत्रक लिहितं कोण, असं त्यांनी विचारलं. तिथल्या मुलीने सांगितलं, "डायटिशियन लिखते हैं अंकल, उसकी डिग्री होती है." मामा म्हणाले, "तो फिर डिग्री हम भी लेंगे." घरी येऊन त्यांनी मला फोन केला आणि स्कूटर घेऊन बोलावलं.

त्या दिवसापासून पदवीच्या अटी हा मामांचा जपच झाला. टोपी बाजारातून माझ्या मागे बसून जाताना ते माझ्या कानात ओरडून सांगत, "अरे, बिल्कुल सोपं आहे. बारावी विज्ञानाची पाहिजे, ती आहे ना माझ्याजवळ. जीवशास्त्र पाहिजे, तेही आहे. वयाची अट नाही, मी दोनदा विचारून घेतलं." प्रवेशाच्या खिडकीवरचा बाबू मात्र चक्रावला. शिक्षणात खंड पडला असेल तर मधल्या काळात काय केलं याचं शपथपत्र लागतं. मामांचा खंड म्हणजे एक अख्खी नोकरी, संसार आणि दोन मुलांची लग्नं. बाबूने विचारलं, "गॅप में क्या किया?" मामांनी प्रामाणिकपणे विचार केला आणि म्हणाले, "नौकरी की, शादी की, बाकी समय खाना खाया और खिलाया." बाबूने यातलं फक्त पहिलं लिहायला सांगितलं. मामांना ते अन्यायाचं वाटलं, कारण त्यांच्या मते पोषणशास्त्राशी संबंध होता तो शेवटच्या भागाचा.

मग सुरू झाला तो उत्साह काय वर्णावा. पंचाहत्तर टक्के हजेरी सक्तीची होती. मामांनी ती शंभर टक्के ठेवली, आणि प्राध्यापक गैरहजर राहिले तर ते त्यांच्या घरी तब्येतीची चौकशी करायला जात. वर्गातल्या मुली त्यांना आधी 'अंकल' म्हणत, पहिल्या सहामाहीनंतर 'मामाजी' म्हणू लागल्या आणि त्यांच्या डब्यावर तुटून पडू लागल्या. जीवरसायनशास्त्राने मात्र मामांना रडवलं. आयुष्यभर ज्या साखरेला त्यांनी जिलबी म्हणून ओळखलं होतं तिची षटकोनी आकृती काढताना ते हळवे होत. "ही इतकी साधी दिसते रे," मला म्हणाले, "आणि बघ घरात काय काय करून ठेवलंन."

आहार सर्वेक्षण हीही पदवीची एक अट. समोरच्याने आदल्या दिवसभरात काय काय खाल्लं ते आठवायला लावून टिपायचं. मामांनी बाजारातल्या एकाही दुकानदाराला सोडलं नाही. त्यांना येताना पाहून लोक शटर अर्धं खाली घेत. एका टोपीवाल्याने वैतागून सांगितलं, "दादा, कल उपवास था." मामांनी खुर्ची ओढली, बसकण मारली आणि म्हणाले, "अच्छा, तो उपवास में क्या क्या खाया?" त्यांनी हाच प्रश्न मामींना विचारला तेव्हा मामी गोंधळल्या. "मी काय खाल्लं? तुम्ही जेवलात, पोरं जेवली, मग मी आवराआवर केली." कढईतलं उरलेलं, पातेल्याच्या तळाचं, उभ्याने, सगळ्यांनंतर, हे जेवण त्यांनी कधी जेवणात धरलंच नव्हतं. मामांनी पेन खाली ठेवलं. दुसऱ्या दिवसापासून त्या घरात आधी मामींचं ताट वाढलं जाऊ लागलं.

शेवटच्या वर्षी प्रात्यक्षिक परीक्षा आली. मधुमेही रुग्णाचं एका वेळचं जेवण आखायचं, तोलून रांधायचं, हिशेब मांडून परीक्षकांपुढे ठेवायचं. हे पार पडलं की दवाखान्याच्या स्वयंपाकघरात उमेदवारी, आणि मग पदवी. मामांनी ओट्सला हात लावला नाही. ज्वारीची छोटी भाकरी, मुगाची आमटी, दोडक्याची भाजी, काकडीची कोशिंबीर. सगळं आमच्या घरातलं, सगळं मापात. बाहेरगावाहून आलेल्या परीक्षक बाईंनी आमटी चमचाभर चाखली, डोळे मिटले आणि म्हणाल्या, "बहुत अच्छी बनी है." बस, इतकंच म्हणायचा अवकाश. मामांच्या हाताने आयुष्यभर जे केलं तेच केलं. पळी पातेल्यात गेली, आमटी थाळीत पडली, वर अर्धी भाकरी पडली आणि तोंडातून निघालं, "एक और, मेरे गले की कसम." तोललेलं सगळं बिघडलं होतं. बाईंनी विचारलं, "सर, ये मरीज़ की थाली थी न?" मामा ओशाळून म्हणाले, "घर आए को एक ही बार परोसते हैं क्या, मॅडम?"

मामा नापास झाले. पुरवणी परीक्षेत जमलं नाही तर वर्ष वाया जाणार होतं. विषय येत होता, हिशेब तोंडपाठ होता, आवरत नव्हता तो फक्त हात. मी त्यांना इतकं खचलेलं कधी पाहिलं नव्हतं. "मला कोणी 'छान झालंय' म्हटलं की मी संपतो रे," ते म्हणाले.

उपाय मामींनी काढला. रोज संध्याकाळी त्या परीक्षक होऊन टेबलाशी बसत. मामा मापात वाढत. मामी घास घेऊन म्हणत, "वा, काय आमटी झाली आहे." मामांचा हात पळीकडे जाई. मामी नुसत्या बघत. हात परत येई. मी समोर बसून हा खेळ पाहत असे आणि हसून माझी पुरेवाट होई. कधी मामी परीक्षा अवघड करत, थाळी चाटूनपुसून संपवत आणि गरिबासारखा चेहरा करून म्हणत, "थोडी असती अजून तर." मामा तेव्हा दोन्ही हात पाठीमागे बांधून भिंतीकडे तोंड करून उभे राहत. पण एक गोष्ट हळूहळू माझ्या लक्षात आली. परीक्षक व्हायच्या नादात मामी रोज पूर्ण ताट जेवत होत्या. बांगड्या पुन्हा मनगटावर आल्या होत्या.

पुरवणी परीक्षेत मामांनी थाळी ठेवली, "चखिए," एवढंच म्हणाले आणि हात खिशात घातले. बाईंनी पुन्हा तारीफ केली. मामांच्या कपाळावर घाम आला, पण हात खिशातच राहिले. दवाखान्यातली उमेदवारीही झाली, आणि यंदा पदवी मिळाली. वर्गातल्या मुलींनी त्यांना खांद्यावर उचलायचा प्रयत्न केला. तो फसला, कारण स्वतःच्या वजनाबाबत मामांचा अभ्यास अजून कच्चा आहे.

पेढे घेऊन मी गेलो तेव्हा दोघं जेवायला बसली होती. मामींचं ताट संपलं होतं. त्या म्हणाल्या, "अहो, आता तर पास झालात. आता कोण बघतंय? वाढा अर्धी पळी." या वेळी त्या परीक्षक नव्हत्या. जन्मभर दुसऱ्यांना वाढत आलेली बाई पहिल्यांदा स्वतःसाठी मागत होती. मामांची पळी उचलली गेली. क्षणभर वाटलं, गेली यांची पदवी. मग त्यांनी ती हळूच पातेल्यात ठेवली आणि वर झाकण घातलं.

"उद्या," ते म्हणाले.

"उद्या नक्की?" मामींनी विचारलं.

"उद्या, परवा, रोज. माझ्या गळ्याची शपथ."