पंपातला पंखा
ग्रीसचा वास आला की वसईतल्या आमच्या वाडीतली विहीर आठवते. जळालेल्या मोटरचं वाइंडिंग भरून आणलं होतं, तरी पंप करंगळीएवढंच पाणी टाकत होता आणि पानवेली माना टाकू लागल्या होत्या. पप्पांनी पंप खोलून त्याचे भाग गोणपाटावर मांडले. "कॉन्व्हेंटच्या मॅडम, हात काळे होतील हां," काका मला चिडवत म्हणाले. पप्पांनी मात्र आतला बिडाचा जड पंखा माझ्या मांडीवर ठेवला. "पाणी मधून शिरतं, हा फिरून कडेला फेकतो." त्याची वाकडी पाती मी चाचपली. पाणी बाहेर सरकवायचं तर फिरताना पात्यांची फुगीर पाठ पुढे हवी, आणि सकाळी मी मोटर नेमकी उलट फिरताना पाहिली होती. काकांसमोर बोलायचा धीर होईना, म्हणून पप्पांचं बोट धरून पंख्यावर योग्य दिशेने फिरवलं. ते हसले. पंप जोडून त्यांनी मोटरची दिशा बदलायला तिच्या दोन वायरींची अदलाबदल केली आणि काकांना म्हणाले, "सरक बाजूला, स्टार्टर मॅडम दाबतील." पाट भरून पाणी पानवेलींकडे धावलं. अजूनही चारचौघांत बोलायचं झालं, की माझं बोट आधी टेबलावर गोल फिरतं.