अनाबीबीच्या शेतातले मीठ

अमूदर्या नदीच्या पाण्यावर आमचा पिंड पोसला. पण त्या पाण्याची खरी थोरवी मला उमगली ती शेजारीण अनाबीबीच्या शेतात.

नवऱ्यामागे तिच्यापाशी उरले एक शेत आणि त्याने जपलेले खरबुजाचे बी. त्या वर्षी हिवाळा सरता सरता शेत पांढरेफटक पडले. ते बर्फ नव्हते, मीठ होते.

दरसाल या दिवसांत आम्ही शेते धुतो. वाफ्यांत कोंडलेले पाणी मातीत उतरते, मीठ विरघळवून खोल चरात नेते, आणि चर ते वाळवंटातल्या तळ्याच्या स्वाधीन करतो. चर तुंबला तर तेच मीठ पुन्हा वर येते. आणि चर तुंबला होता. तिच्या धाकट्या दिराने, मतयाकुबने, कोरड्या उन्हाळ्यात खालच्या अंगाला त्यात मातीचा बांध घातला होता. साचल्या पाण्याने पिकाच्या मुळांना ओल मिळते. टंचाईत आम्ही सारेच हे करतो आणि हंगाम सरताच बांध फोडतो. मतयाकुबने गव्हाच्या लोभाने तो तसाच राखला.

पाण्याची पाळी लावणारा मिराब रोझमत म्हणाला, "बांध फुटेस्तोवर तुला पाणी नाही, बीबी. शेत मारल्याचं पाप मी घेणार नाही." शेत धुण्याची पाळी वर्षातून एकदाच येते. ती हुकली की त्या शेतात लव्हाळेच माजायचे.

गावाने मिळून कालवा उपसण्याचा दिवस उजाडला. मतयाकुब दोघांचे काम एकटा करत होता. आपल्या बांधाकडे मात्र पाठ फिरवून. दुपारी अनाबीबी चहा घेऊन आली. सर्वांना तिने रीतीप्रमाणे पेल्याच्या तळाशी थोडा थोडा चहा ओतला. दिराचा पेला मात्र दुसऱ्या किटलीतून काठोकाठ भरला.

आमच्याकडे थोडा चहा म्हणजे 'बसा, पुन्हा ओतते', आणि भरला पेला म्हणजे पाहुण्याला 'उठा आता' म्हणणे.

"मला हाकलता, वहिनी?" मतयाकुब कसनुसा हसला. घोट घेतला आणि थुंकला. "मीठ घातलंत की काय?"

"मी कशाला घालू? तुमच्या बांधाआडचं पाणी आहे, भाऊजी. माझं शेत उन्हाळ्यापासून हेच पितंय."

"पी रे, घरचंच आहे," रोझमत म्हणाला, आणि हशा पिकला.

"माझा गहू वाळला तर?"

"तर माझ्याकडे जेवायला या. खरबूज तेवढं मागू नका."

मतयाकुबने पेला खाली ठेवला, फावडे उचलले आणि बांध फोडायला तो चरात उतरला.

मग पाणी आले. शेत आरशासारखे आभाळ धरून निश्चल राहिले. कित्येक दिवस काहीच दिसेना; आणि एका सकाळी चराच्या भिंतीला पाझर फुटला. बोट बुडवून जिभेला लावले, तर जीभ पोळावी इतका खार. कोणी ओढले नाही, कोणी उपसले नाही. गोड आलेले पाणी शेताचा सारा कडवटपणा आपल्या अंगी घेऊन, कसलाही गाजावाजा न करता, वाळवंटाकडे निघाले होते. परवरदिगारा, इतके मोठे काम आणि एवढासा आवाज! दुवा मागून झाल्यावर फिरवावेत तसे माझे तळहात आपोआप चेहऱ्यावरून फिरले.

माती वाफशावर आल्यावर अनाबीबीने चिमूटभर जिभेवर ठेवली आणि डोळे मिटले. आम्ही तिच्या चेहऱ्याकडे पाहत राहिलो. तिने पदराची गाठ सोडून बी काढले. मग शेताच्या कडेला अवघडून उभ्या असलेल्या मतयाकुबला हाक मारली आणि त्याच्या पेल्यात चहा ओतला, अगदी दोन घोट.