शेवटच्या रांगेतला माणूस

जगन घरत रोडपालीचा. तीस वर्षं लग्नाचे फोटो काढतोय. गावच्या लग्नात पंगत बसण्याआधी अख्ख्या भावकीचा एक फोटो निघतो. साठ-सत्तर माणसं, पोरं पुढे, बाया मध्ये, पुरुष मागे. तो फोटो बिघडला तर बाकीचा अल्बम कितीही चांगला असो, गाव नाव ठेवतं. आपला आजवर बिघडला नाही, असं जगनला वाटत होतं.

मग त्याच्या शकूआत्याचा नवरा दयाराम वारला. जन्मभर मिठागरात राबलेला माणूस, कॅमेरा दिसला की मागे सरकणारा. त्याचा एकच फोटो होता, जगननेच दोन वर्षांपूर्वी काढलेल्या भावकीच्या फोटोत, शेवटच्या रांगेत, डाव्या टोकाला. वर्षश्राद्धाला भिंतीवर लावायला आत्याला मोठी फ्रेम हवी होती. जगनने चेहरा वाढवला, तर डोळ्यांच्या जागी दोन काळे डाग. मग त्याने चेहरा साफ करणारं ॲप चालवलं. डोळे आले, भुवया आल्या, गालही भरले. तो फ्रेम घेऊन गेला.

आत्याने ती उजेडात धरली. "जगन, ह्यो कोन?"

"आत्या, आपले आतोबाच."

"डोले कोनाचे लावलेस? माझा मानूस असा बगत नवता."

फ्रेम परत आली.

जुन्या कॅमेऱ्याचं शटर थकलंच होतं, नवा घ्यायचाच होता. आता असा घ्यायचा की शेवटच्या रांगेतला माणूसही भिंतीवर लावता येईल, असं जगनने ठरवलं. पनवेलच्या बाजारात भावेशच्या दुकानात त्याने दोन कॅमेरे बाजूला काढले. एक चोवीस मेगापिक्सेलचा, एक एकसष्टचा. दुसऱ्याची किंमत जवळजवळ दुप्पट.

"जगनभाई, एकसष्टच घ्या. डोळे मिटून घ्या."

"मी काय उशी घेतोय? एक दिवस दोन्ही दे. भाडं लाव."

कामोठ्याच्या लग्नात त्याने स्टँड एका जागी रोवला आणि दोन्ही कॅमेऱ्यांनी भावकीचा तोच फोटो काढला. लेन्स तीच, अंतर तेच. मग चोवीसचा हातात घेऊन मांडवाला वळसा घालून मागे गेला आणि शेवटच्या रांगेत टोकाला उभ्या असलेल्या काशिरामचा चार हातांवरून एक फोटो काढला. नुसता बघायला.

घरी अल्बमचं काम बायको दमयंती करते. तिने संगणकावर काशिरामचा चेहरा मोजला. चोवीसमध्ये ऐंशी ठिपके उंच. एकसष्टमध्ये एकशे सव्वीस.

"अडीचपट मेगापिक्सेल, आन चेहरा दीडपटच?" जगन म्हणाला.

"उंचीत दीडपटीहून जरा जास्त, रुंदीतही तेवढंच. मिळून अडीचपट झालं ना?" तिने तिसरा फोटो उघडला. हजाराच्या वर. "आन तीस पावलं चाललात, तर उंचीतच बारापट."

तिन्ही फोटोंचे एकाच मापाचे प्रिंट काढून जगन आत्याकडे गेला. कोणता कशाने काढला ते सांगितलं नाही. काशिराम तिच्या नात्यातला. पहिला प्रिंट तिने बाजूला ठेवला. दुसऱ्याला म्हणाली, "काशिराम वाटतोय." तिसऱ्यावर बोट टेकवलं. "ह्यो काशिराम. कपालावरची खोक बग."

"ह्यो लहान कॅमेऱ्याचा हाय, आत्या. जवल चालत जाऊन काढला."

"मंग आमच्या येलेला का नाय चाललास?"

त्या दिवशी पंगतीची हाक आली होती आणि जगनला भूक लागली होती. एवढंच.

"आलस केला, आत्या."

"तसं सांग ना. कॅमेऱ्याला कशाला बोल लावतोस?" मग म्हणाली, "मला त्यो जसा हाय तसा दे. बारका चालंल."

जगनने रांगेचं ते टोक तेवढं कापून पोस्टकार्डाएवढं छापलं. मोठं करायला गेलं तर फाटणारा चेहरा तेवढ्या मापात नीट दिसत होता. दयाराम अख्खा उभा, हात मागे, नजर फोटोबाहेर कुठेतरी. आत्याने तो लावून घेतला.

जगनने चोवीसचा घेतला. पुढच्याच लग्नात भावकीचा फोटो झाला, पंगतीची हाक आली, आणि जगन कॅमेरा घेऊन मागच्या रांगेकडे निघाला.

"ए जगन, भात निवतोय!" मागून कोणीतरी ओरडलं.

"निवू दे. मान वर कर. आता तू ये, तू."

एकवीस माणसं होती. शेवटचा माणूस होईपर्यंत पहिली पंगत उठली होती. जगन दुसरीत जेवला.