साडूंची लाट

जगातल्या सगळ्या पाण्याने आपल्याला विचारून वागावं असं वाटणारा एकच माणूस मी पाहिला, आणि तो नेमका माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचा नवरा निघाला. हे माझे साडू अंबरनाथच्या एका केमिकल कारखान्यात अधिकारी होते आणि बदलापूरला, कात्रपमध्ये, आमच्याच बिल्डिंगच्या तळमजल्यावर राहायचे. माणूस सरळ, फक्त पाणी कुठे आपटताना दिसलं की त्यांना माणसं दिसेनाशी होत. विसर्जनाला सगळे मूर्तीकडे बघून हात जोडायचे, हे घाटाच्या पायरीवर थडकणाऱ्या लाटेकडे बघून. माझ्या लग्नाच्या पंगतीत त्यांनी वाढप्याकडून वाटीत पुन्हा पुन्हा ताक ओतून घेतलं, ते काठाला कसं चढतं हे पाहायला. सासऱ्यांना वाटलं, जावयाला ताक फार आवडतं. तेव्हापासून सासरी गेले की बिचाऱ्यांना तांब्याभर ताक प्यावं लागे.

नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला त्यांनी उल्हासनगरहून कॉम्प्युटर आणला. मी सोबत होतो. सिंधी दुकानदार उत्साहाने म्हणाला, "साहब, इसमें गेम भी चलेगा."

"पानी चलेगा?" साडूंनी विचारलं.

"पानी से दूर रखना साहब," तो घाबरून म्हणाला, "वारंटी नहीं मिलेगी."

त्या यंत्रात त्यांना लाट भिंतीवर आपटून दाखवायची होती. पडद्यावर बारीक चौकटी आखायच्या आणि प्रत्येक चौकटीत पाणी किती आलं, किती गेलं याचा हिशेब यंत्राकडून करून घ्यायचा, एवढं मला कळलं. यंत्राला तेवढंही कळत नसावं. पहिलं वर्षभर लाट भिंतीतून भुतासारखी आरपार जायची. मग भिंत अडवू लागली, तर पाणी आपोआप वाढून पडदाभर व्हायचं. एकेक चित्र उमटेपर्यंत माझं जेवण होऊन वर पानही खाऊन व्हायचं, आणि दर शुक्रवारी ठरल्याप्रमाणे लाइट गेली की आठवड्याभराचा समुद्र जागच्या जागी आटायचा. त्यांची बायको, म्हणजे आमची ताई, म्हणायची, "नळाला थेंब नाही, आणि ह्यांच्या डब्यात पूर!"

अखेर एका रविवारी लाट भिंतीवर आपटली, वर चढली आणि परत फिरली. साडू रडायचेच बाकी होते. नेमकं त्याच सुमारास सोसायटीने मागच्या नाल्याच्या कडेने सलग भिंत बांधायचं ठरवलं. नाल्यापलीकडे बायजाबाईंचं घर आणि म्हशींचा गोठा होता. आमचं दूध तिथूनच यायचं. साडूंनी नाल्याची आणि भिंतीची मापं यंत्रात घातली आणि मीटिंगमध्ये उभे राहिले.

"सलग बांधलीत तर पाणी भिंतीवर आपटून उलटं बायजाबाईंच्या घरात जाईल. मध्ये पाणी जायला मोऱ्या ठेवा."

"म्हणजे पाणी आपल्याकडे येऊ दे?" सेक्रेटरी म्हणाले.

"थोडं थोडं दोघांकडे."

"हे कुणी सांगितलं?"

"कॉम्प्युटरने."

सभा इतकी हसली की चहा सांडला. मीही हसलो, अशी संधी साडू साडूला सहसा देत नाही. पण हा माणूस रोज संध्याकाळी एकेका घरी जाऊन तोच हिशेब नव्याने सांगू लागला. शेवटी केवळ त्यांच्यापासून सुटका व्हावी म्हणून सोसायटीने मोऱ्या ठेवल्या.

पुढच्याच पावसाळ्यात नाला फुगला. मोऱ्यांतून पाणी आत आलं आणि साहजिकच सगळ्यात आधी साडूंच्या घरात शिरलं. ताई आणि मी गाद्या वर नेत होतो, टेबलाखालचा कॉम्प्युटर बुडाला होता, आणि हे बनियनवर, गुडघाभर पाण्यात, भिंतीशी उभे.

"अहो, घर बुडतंय!" ताई ओरडली.

"थांब गं, बघ कसं चढतंय!"

पाणी ओसरल्यावर सेक्रेटरी चिखल तुडवत आले. "झालं समाधान?" सगळी बिल्डिंग साडूंवर तोंडसुख घेत असताना बायजाबाई आल्या. डोक्यावरच्या टोपलीत तांदळाच्या भाकऱ्या, अख्ख्या बिल्डिंगसाठी.

साडूंनी हळूच विचारलं, "तुमच्याकडे कुठवर आलं होतं?"

"वट्याला लागला नि मागं फिरला," त्या म्हणाल्या. "म्हशी हायत सगळ्या."

आता यांचं व्याख्यान सुरू होणार म्हणून मी मन घट्ट केलं. पण ते ओल्या पायरीवर बसून भाकरी खात राहिले. ताईने मागून येऊन टॉवेलने त्यांचं डोकं पुसायला घेतलं, तरी मान वर केली नाही.

साडू आता नाहीत. कधी विषय निघाला की ताई हसून म्हणते, "त्या दिवशी इतके गप्प होते, मला वाटलं ताप आला."