दोरी नसताना लागलेला मासा

आधीच सांगून टाकते, भुताखेतांच्या गप्पा सुरू झाल्या की मी उठून चहा ठेवायला जाते. असलं काही मला कधी पटलंच नाही. तरीही हे लिहिते आहे... कारण हे मी स्वतः पाहिलं.

गोष्ट चाळीस सालानंतरची, लढाई चालू होती तेव्हाची. आम्ही कर्जतला कशेळ्याच्या रस्त्याला राहायचो. मागच्या दाराने भातखाचरांचा बांध धरला की दहा मिनिटांत तळं. ह्यांची नोकरी पुण्याला, सासूबाई आधीच गेलेल्या. घरात मी आणि माझे सासरे — मामंजी.

मामंजी स्टेशनवर तारमास्तर होते. तिथल्या एका गोऱ्या इंजिनियरकडून त्यांनी पिसाच्या माशीने मासे धरायचा शौक उचलला होता. गांडूळ नाही, पिठाची गोळी नाही. कोंबड्याचं पीस गळाला असं बांधायचं की पाण्यावर ती खरी माशीच वाटावी. लवचीक काठी, लांब दोरी, हात मागे, मग पुढे... आणि माशी अलगद पाण्यावर. तळहाताएवढे चपटे, चंदेरी मासे वर येऊन तिला झोंबायचे. तव्यात चार बसायचे. निवृत्त झाल्यावर रोज संध्याकाळी हाच उद्योग.

मग त्यांना अर्धांगाचा झटका आला. पाय थोडा सुधारला, पण उजवा हात गेला आणि वाचाही गेली. आठ महिने एक शब्द नाही. डॉक्टर मला म्हणाले, "आता याहून जास्त आशा धरू नका." ते मामंजींना ऐकू गेलं असावं. खुणेनेच त्यांनी काठी माळ्यावर टाकायला लावली, आणि जेवण जवळजवळ सोडलं. दोन घास, की ताट सरकवायचे. मी एकवीस वर्षांची — काय करावं कळेना.

कापणी झाल्यावर एक दिवस, दुपारी चारच्या सुमारास, मी त्यांना जवळजवळ ओढतच तळ्यावर नेलं. नुसतं बसायला. काठी माळ्यावरच होती. थोड्या अंतरावर शेजारच्या शेतातला गोमाभाऊ बैलांना पाणी पाजत होता.

मामंजी बराच वेळ पाण्याकडे बघत होते. आणि मग — त्यांचा उजवा हात वर गेला. तो मेलेला हात! मागे गेला, जरा थांबला, पुढे आला... आणि चांगलं वीस हातांवर, वारा नसताना, पाण्यावर एक बारीक वलय उठलं.

क्षणभर काही नाही. मग तिथेच पाणी उसळलं. मामंजींचं मनगट वळलं, आणि एक मासा पाणी कापत आमच्याकडे येऊ लागला. तो डावीकडे पळायचा, उजवीकडे पळायचा. मामंजी हात सैल सोडायचे, पुन्हा ओढायचे. शेवटी तो त्यांच्या पायाशी ओल्या दगडावर येऊन पडला. तोंडात गळ नाही... काहीच नाही.

गोमाभाऊ धावत आला. "वयनी, मास्तरांची दोरी कुठं हाय गं?"

"दोरी नाही आणली, भाऊ."

"मंग ह्यो आला कसा?"

तेवढ्यात मागून जड, घोगरा आवाज आला.

"सोड."

मी वळून बघितलं. मामंजीच!

"सोड... त्याला."

मी मासा दोन्ही हातांनी उचलून पाण्यात सोडला. मामंजींचा हात पुन्हा मांडीवर पडला, पूर्वीसारखाच निर्जीव. पण तर्जनीवर एक लाल रेघ उमटली होती, ताणलेली दोरी काचते तशी.

त्या दिवशी जेवताना त्यांनी ताट सरकवलं नाही. "वाढ," म्हणाले. मी भात वाढला आणि आत जाऊन रडले.

हात पुढे कधीच हलला नाही, पण बोलणं हळूहळू आलं. आणखी सहा वर्षं जगले. माझ्या मुलाला पहिले शब्द त्यांनीच शिकवले. डॉक्टर म्हणाले, वाचा कधी कधी परत येते. मान्य. माशाचं मी त्यांना सांगितलंच नाही. मामंजींना एकदा विचारलं, तर म्हणाले, "मलाही नाही कळलं गं. पण ओढ खरी होती."

गोमाभाऊ मात्र गावभर सांगत फिरला. लोक हसले, ताडी जास्त झाली म्हणाले. मला विचारलं तेव्हा मी... मान खाली घालून गप्प बसले. आता तो नाही. हे कसं झालं ते मला तेव्हा कळलं नाही, आजही कळत नाही. पण गोमाभाऊ खोटं बोलत नव्हता. मी तिथे होते. मासा माझ्या हातात होता.