गेटवर सांगितलेलं कारण

लॉकडाऊन लागला तेव्हा माझी मुलगी अजून रांगत होती. तिच्या वेळी सिझर करताना इतकं रक्त गेलं होतं, की शुद्धीवर आल्यावर आईचा चेहरा बघूनच मला कळलं काय टळलंय ते. आणि आता पुन्हा पाळी चुकली होती.

नवऱ्याला सांगितलं. लॅपटॉपवरून मान न वळवता तो म्हणाला, "होऊ दे ना. दोघं एकदमच मोठी होतील."

"मला नकोय. मला भीती वाटते रे."

"मग जाणार कुठे? सगळं बंद आहे. हॉस्पिटलात जाऊन घरात कोरोना आणणार?"

पुढचे कित्येक दिवस सकाळी उलट्या आणि मग हेच उत्तर. शेवटी बाथरूममध्ये नळ सोडून मी मुलुंडच्या एका डॉक्टरीणबाईंना फोन केला. "या," त्या म्हणाल्या, "पण उशीर नका करू."

दुसऱ्या दिवशी तो मीटिंगमध्ये असताना मुलीला झोपवलं, मास्क लावला आणि खाली उतरले. नाहूरच्या आमच्या सोसायटीच्या गेटला साखळी घातलेली. शेजारी खुर्ची टाकून सेक्रेटरी बसलेले.

"काय काम?"

"डॉक्टरकडे जायचंय."

"ताप आहे? कारण कळल्याशिवाय सोडता येणार नाही. थांबा, मिस्टरांना विचारतो." त्यांनी इंटरकॉम उचलला.

वर बाल्कन्यांत माणसं उभी होती. त्या दिवसांत बघायला दुसरं होतंच काय?

तो धावत आला, मुलीला कडेवर घेऊन. "वर चल. तमाशा नको."

मुलीनं माझ्याकडे हात पसरले. तिला घेतलं असतं तर मी वर गेलेच असते. मी हात पाठीमागे धरले आणि सेक्रेटरींना मोठ्यानं म्हणाले, "मी गरोदर आहे. मला हे मूल नकोय. एवढं कारण पुरे की अजून सांगू?"

सेक्रेटरींनी खाली बघत साखळी सोडली.

मुलुंडपर्यंत चालत गेले. प्लास्टिकच्या पडद्यापलीकडून डॉक्टरीणबाईंनी विचारलं, "एकट्याच आलात?"

"हो. नवऱ्याची परवानगी लागते का?"

"सज्ञान आहात ना? मग तुमचीच पुरे."

तिथे मात्र मला रडू आवरेना.

सोनोग्राफी झाली, गोळ्या मिळाल्या. पोटात पीळ पडत होते तेव्हा मी घरी आतल्या खोलीत एकटीच होते. त्यानं मुलीला वरणभात भरवला. माझं ताट दाराबाहेर ठेवलं आणि तिथूनच विचारलं, "दुखतंय?" मी हो म्हणाले. या सगळ्यावर आम्ही आजवर बोललेलो नाही. मी माफी मागितली नाही, त्यानंही नाही.

सोसायटीतल्या काही बायका पुढे कितीतरी महिने माझ्याशी बोलल्या नाहीत. एक मात्र आली. नुकतंच लग्न होऊन वरच्या मजल्यावर आलेली मुलगी. माझं दार तिनंच आतून लावून घेतलं आणि हळूच म्हणाली, "ताई, त्या डॉक्टरांचा नंबर द्याल?"