ग्राफिक्स कार्डावरच्या मुगवड्या

आता माह्या अकलेचं काय सांगू तुमाले! चहा घ्या, पण हासतानी सांडू नका.

माही नात रेणू कॉम्प्युटरवर कार्टूनचे पिक्चर बनवते. त्या दिवशी पाचच्या आत एक पिक्चर पाठवाचा होता. नाई गेला तं नोकरी गेली! बोरगाव मेघेच्या आमच्या घरात टेबलाखाली कॉम्प्युटरचा डबा घरघर करून राह्यलता. मी चौथी शिकलेली, पण नाक खुपसल्याबिगर राह्यवते काय?

"काय हाय वो याच्यात?"

"ग्राफिक्स कार्ड, आजी. मेन प्रोसेसर म्हंजे लग्नातला आचारी. हुशार, पण एकटा. कार्डात हजारो बाया. एकेकीनं चित्रातला आपला आपला ठिपका रंगवाचा, साऱ्याइनं एकाच टायमाले!"

"पापड लाटाले बसल्यावानी?"

"बराबर! म्हून काम झपाझप होते. पण तापते लय."

मी हात लावून पाह्यला. डब्याच्या माथ्यावरच्या जाळीतून चुलीवानी झळ!

आता तुम्हीच सांगा, तीन दिवसापासून आभाळ, मुगाची दाळ वाटून ठेवलेली, अन् घरात फुकटची आच! सोडन काय मी? रेणू जेवाले उठली तसं ताटात वड्या घालून थे हळूच जाळीवर सरकवलं. टेबलाखाली कोण पाह्यते?

जराशानं रेणू बोंबलली, "आजी वो! पिक्चर व्हाले दोन तास दाखवत होतं, आता सात तास काऊन दाखवते?"

"दुकानवाल्यानं फसवलं तुले! बोलाव त्याले!"

वर्ध्याहून दुकानवाला संदीप स्कूटरवर धावत आला. मी दारातच धरला. "काऊन रे, पोरीले डुप्लिकेट कार्ड देलं? लाज नाई वाटत?"

"आजी, कार्ड ओरिजनलच हाय. लय तापलं तं जळू नाई म्हून आपोआप हळू चालते. हवा कुठं अडकली पाह्यतो."

थो टेबलाखाली वाकला. ताट घेऊन निंगाला.

"आजी, हा पार्ट कोन्या कंपनीचा?"

ताट काहाडलं अन् झळ भसकन बाहेर आली. सातचे दीड तास झाले. पाचाले दहा कमी असतानी पिक्चर गेला, तवा माह्या जिवात जीव आला.

रेणू म्हणे, "हजारो बाया मी कामाले लावल्या, अन् तू त्याइच्या डोक्श्यावर जाऊन बसली!"

"जाऊ दे ना माय. वड्या तं वाळल्या!"

संदीपनं एका वडीवर बोट ठेवलं. बोट वडीत रुतून सिद्धं ताटाले लागलं.